पित्ताची गोळी : कशासाठी आणि किती दिवस?



आजच्या भाषणाचा विषय तुमच्या-माझ्या घरातला आहे. सकाळी उठल्याबरोबर, पुष्कळदा चहाच्याही आधी, जी एक लहानशी गोळी हल्ली घरोघर घेतली जाते, त्या पित्ताच्या गोळीविषयी मी बोलणार आहे. ही गोळी आता शेतावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात असते, शिक्षकाच्या टेबलाच्या खणात असते आणि एस. टी.ने लग्नाला निघालेल्या मंडळींच्या पिशवीत तर हमखास असते. कोणी जळजळ होते म्हणून घेतो, कोणी होऊ नये म्हणून घेतो, आणि कोणी केवळ काल घेतली होती म्हणून आजही घेतो. या तिसऱ्या प्रकारच्या मंडळींशी मला आज विशेष बोलायचे आहे.

आधी एक खुलासा करतो. मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारा मी एक अध्यापक आहे. वैद्यकाच्या नियतकालिकांतून जे प्रसिद्ध झाले आहे आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या संस्थांनी ज्या सूचना दिल्या आहेत, त्यांचा अर्थ सोप्या भाषेत सांगावा, एवढाच माझा हेतू आहे. म्हणून पहिली विनंती ही की, हे भाषण ऐकून उद्या सकाळी कोणी आपली गोळी एकदम बंद करू नये. तसे का करू नये, याचे कारणही पुढे येणारच आहे.

आता मुळात 'पित्त' म्हणजे काय? आपल्या भाषेत हा शब्द फार कामे करतो. छातीत जळजळले की आपण म्हणतो, पित्त झाले. अर्धे डोके दुखून उलटी झाली की म्हणतो, पित्त उसळले. अंगावर लाल गांधी उठल्या तरी म्हणतो, पित्त उठले. शब्द एक, पण दुखणी तीन! यांतले पहिले पोटातल्या आम्लाचे आहे. दुसरे बहुधा अर्धशिशीचे असते. तिसरे अंगाला काही न मानवल्याचे, म्हणजे ॲलर्जीचे असते. शरीरशास्त्रात ज्याला पित्त म्हणतात तो हिरवट-पिवळा रस तर यकृतात तयार होतो आणि चरबीयुक्त अन्न पचवायला मदत करतो. त्याचा या तिन्हींशी फारसा संबंध नाही. परंतु शब्द एकच असल्यामुळे दुकानात जाऊन माणूस 'पित्ताची गोळी द्या' म्हणतो आणि तिन्ही दुखण्यांवर आम्ल कमी करणारी तीच गोळी गिळतो. डोकेदुखीचे खरे निदान बाजूलाच राहते आणि गोळी मात्र पोटात जाते.

पोटातले हे आम्ल काही शत्रू नव्हे. जठराच्या आतल्या अस्तरात असंख्य सूक्ष्म पेशी असतात आणि त्या हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. या आम्लासह दिवसाला सुमारे 2 लिटर जठररस आपल्या पोटात पाझरतो. 1822 साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी शिरली. तो वाचला, पण जठराला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून अन्न कसे पचते हे पुढे कित्येक वर्षे पाहिले आणि 1833 मध्ये आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जठररस बाटलीत काढून त्यात मांसाचा तुकडा टाकला, तर तो बाहेरही विरघळतो, असे त्यांना आढळले. इतका तो रस प्रखर असतो.

हे आम्ल तीन मोठी कामे करते. अन्नातली प्रथिने फोडायला ते मदत करते. अन्नपाण्याबरोबर आत आलेल्या जंतूंपैकी पुष्कळांचा ते तिथेच निकाल लावते. आणि लोह, ब-12 जीवनसत्त्व यांसारखी पोषणद्रव्ये शरीराला घेता यावीत अशा रूपात आणते. पोटाच्या दाराशी उभा असलेला हा पहारेकरीच म्हणा ना! जठराला स्वतःचे जाड, चिकट संरक्षक अस्तर असते, म्हणून त्याला हे आम्ल सोसते. अन्ननलिकेला तसे अस्तर नसते. दोहोंमधली झडप सैल पडली आणि आम्ल वर चढले की जळजळ होते, घशाशी येते, आंबट ढेकर येतात. म्हणजे पुष्कळ वेळा आम्ल 'जास्त' झालेले नसते, ते भलत्या ठिकाणी गेलेले असते.

यावरच्या औषधांच्या आजवर तीन पिढ्या झाल्या आहेत.

पहिली पिढी आम्ल मारणाऱ्या क्षारांची. खायचा सोडा हा त्यातला आपल्या ओळखीचा. चमचाभर सोडा पाण्यात टाकून प्यायला की ढेकर येते आणि बरे वाटते. ढेकर येते ती सोडा आणि आम्ल यांच्या संयोगातून निघालेल्या वायूची, दुखणे गेल्याची नव्हे. आता हिशेब पाहा. एक सपाट चहाचा चमचा सोडा म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, आणि त्यात सोडियम सव्वा ग्रॅमहून अधिक. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोठ्या माणसाने दिवसभरात सर्व मिळून 2 ग्रॅमहून कमी सोडियम घ्यावे. म्हणजे एका चमच्यातच निम्म्याहून अधिक वाटा संपला. ज्याला रक्तदाब आहे, ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे, तो जेवणात मीठ कमी करतो आणि रात्री सोडा पितो. डाव्या हाताने काढून ठेवलेले उजव्या हाताने परत घेण्यासारखेच हे झाले.

याच पिढीत पांढरी पातळ औषधे आणि चघळायच्या गोळ्या येतात. त्यांत मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम यांचे क्षार असतात. मॅग्नेशियमने जुलाब होतात, ॲल्युमिनियमने पोट बांधले जाते, म्हणून ते दोन्ही बहुधा एकत्र घालतात. ज्यांची मूत्रपिंडे नीट काम करीत नाहीत त्यांच्या अंगात मात्र हे दोन्ही धातू साठून राहतात आणि अपाय करतात. कॅल्शियमचे क्षार अतोनात घेतले तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोटाच्या व्रणावर दूध आणि क्षार यांचा मारा करण्याची पद्धत होती, तेव्हा असे रोगी पुष्कळ दिसत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही औषधे इतर औषधांना पोटात बांधून टाकतात. लोहाची गोळी, थायरॉईडची गोळी, काही प्रतिजैविके यांच्याबरोबरच पांढरे औषध घेतले, तर ती औषधे पुरती लागू पडत नाहीत. त्यांच्यामध्ये निदान दोन तासांचे अंतर हवे, आणि थायरॉईडच्या गोळीच्या बाबतीत चार तासांचे.

दुसऱ्या पिढीचे श्रेय जेम्स ब्लॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञाला जाते. आम्ल तयार करण्याचा जो निरोप पेशींना मिळतो, तोच अडवायचा, ही त्यांची कल्पना. तिच्यातून निघालेले सिमेटिडिन हे औषध 1976 मध्ये इंग्लंडच्या बाजारात आले आणि 1988 मध्ये ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या औषधाने काही पुरुषांत स्तनांची वाढ, वृद्धांत क्वचित बुद्धिभ्रम असे परिणाम दिसले. त्याच्या मागोमाग आलेले रॅनिटिडिन पुष्कळ वर्षे आपल्याकडे घरोघर होते. 2019 मध्ये त्यात एक कर्करोगकारक मानले जाणारे अशुद्ध द्रव्य सापडले. औषध साठवण्यात राहिले, उष्णता लागली की ते वाढते असेही दिसून आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2020 मध्ये ते बाजारातून काढून घ्यायला सांगितले, आणि भारत सरकारने 2022 च्या आवश्यक औषधांच्या यादीतून त्याचे नाव वगळले. याच कुळातल्या फॅमोटिडिनमध्ये मात्र तो दोष आढळला नाही.

तिसरी पिढी म्हणजे आजची आपली गोळी. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, एसोमेप्राझोल ही तिची नावे. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचे नाव असते, पण बारीक अक्षरात शेवटी 'प्राझोल' असे आले की समजावे, ही त्याच घराण्यातली. पहिले ओमेप्राझोल 1988 मध्ये स्वीडनमधून आले. आम्ल बाहेर टाकणारे जे सूक्ष्म पंप पेशींत असतात, तेच ही गोळी बंद पाडते. पेशी नवे पंप तयार करतात तेव्हाच काम पुन्हा सुरू होते. आता यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक म्हणजे पंप चालू व्हायच्या वेळेला औषध रक्तात हवे, म्हणून ही गोळी न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जेवण झाल्यावर घेतली तर तिचा उपयोग कमी होतो. दुसरी गोष्ट, तिचा पुरता परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. वडे खाऊन जळजळ सुटली म्हणून त्या क्षणी घ्यायची ही गोळीच नव्हे.

या गोळीने माणसावर मोठे उपकार केले आहेत, हे आधी मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. पूर्वी पोटातील व्रण फुटून माणसे दगावत, शस्त्रक्रिया करून जठराचा भाग काढावा लागे. ते प्रसंग आता फार कमी झाले. त्यातच ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या दोघांनी 1982 पासून दाखवून दिले की, पुष्कळसे व्रण एका जंतूमुळे होतात. मार्शल यांनी तर 1984 मध्ये तो जंतू स्वतः पिऊन पाहिला! त्या दोघांना 2005 चे नोबेल मिळाले. आज त्या जंतूवर प्रतिजैविके आणि ही गोळी मिळून ठराविक दिवसांचा उपचार करतात आणि व्रण मुळापासून बरा होतो.

मग तक्रार कशाबद्दल? तक्रार गोळीबद्दल नाही, मुदतीबद्दल आहे. बहुतेक दुखण्यांत ही गोळी चार ते आठ आठवड्यांसाठी असते. आपण ती चार-आठ वर्षे घेतो. चिठ्ठी पहिल्या वेळेची असते, पुढची सारी पाकिटे दुकानदाराच्या ओळखीवर येतात.

थोड्या दिवसांत दिसणारे दुष्परिणाम सौम्य असतात. डोके दुखणे, मळमळ, पोट फुगणे, जुलाब किंवा मलावरोध. गोळी थांबली की ते जातात. खरा प्रश्न आहे तो वर्षानुवर्षे घेण्याचा.

त्यातला आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा म्हणजे ब-12 जीवनसत्त्वाचा. हे जीवनसत्त्व अन्नातल्या प्रथिनांना चिकटून असते आणि आम्लाच्या मदतीनेच सुटे होते. आम्लच नसेल तर ते अन्नात असूनही अंगी लागत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की, ही गोळी दोन वर्षे किंवा अधिक काळ घेणाऱ्यांत ब-12 च्या कमतरतेचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 65 टक्क्यांनी अधिक होते. ती माणसे तर दूध, अंडी, मांस भरपूर खाणाऱ्या देशातली. आपल्याकडे काय स्थिती आहे? पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर, झोपडवस्ती आणि आसपासची खेडी येथील 441 मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या 67 टक्के पुरुषांत ब-12 आधीच कमी होते. म्हणजे आपली कणगी मुळातच अर्धी रिकामी आणि तिला आणखी एक भोक, असा हा प्रकार आहे.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. शुद्ध शाकाहारी, वक्तशीर, निर्व्यसनी. दोन वर्षे त्यांच्या पायांना मुंग्या येत. पुढे पुढे पायातून चप्पल निसटली तरी कळेना. रात्री अंधारात चालताना तोल जाई. घरच्यांनी वयाचा दोष म्हटले, मालिश झाली, तेले झाली. अखेर तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारले, 'गुरुजी, रोज गोळ्या कोणत्या घेता?' गुरुजी म्हणाले, 'साखरेची एक घेतो.' 'आणखी काही?' 'आणखी काही नाही. पित्ताची असते एक, पण ते काही औषध नव्हे, ती आपली रोजचीच.' किती वर्षे घेता, म्हणून विचारले तेव्हा नऊ वर्षे निघाली. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीनेही ब-12 कमी होते. म्हणजे शाकाहार, मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी असे तिघे एकत्र आले होते. रक्त तपासले, ब-12 फार खाली गेलेले. इंजेक्शने सुरू झाली, काही महिन्यांत मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, चालणे सुधारले. तळपायांची बधिरता मात्र थोडी राहून गेली ती गेलीच नाही. मज्जातंतूंची इजा फार दिवस राहिली की ती पुरती भरून येत नाही. 'ते काही औषध नव्हे' हे गुरुजींचे वाक्य मला आपल्या सगळ्यांचेच वाटते, म्हणून ते मुद्दाम सांगितले.

दुसरी गोष्ट लोहाची. भाजीपाल्यातले आणि धान्यातले लोह शरीरात जायला आम्लाची मदत लागते. ज्या बायकांना आधीच रक्त कमी आहे, त्या सकाळी पित्ताची गोळी आणि दुपारी लोहाची गोळी घेत असतील, तर लोहाचे काम अर्धवट होण्याचा संभव असतो.

तिसरी मॅग्नेशियमची. ही गोळी दीर्घकाळ, बहुधा वर्षाहून अधिक, घेणाऱ्या काही जणांच्या रक्तातले मॅग्नेशियम घटते, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये दिली. पोटऱ्यांत गोळे येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे ही त्याची लक्षणे. लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर धोका अधिक.

चौथी गोष्ट जंतूंची. पहारेकरी झोपवला की चोरांचे फावते. ही गोळी घेणाऱ्यांत आतड्यांचे संसर्ग अधिक होतात, हे चांगले सिद्ध झाले आहे. कॉलऱ्याचा जंतूसुद्धा कमी आम्लाच्या पोटात अधिक सहज तग धरतो, हे जुने ज्ञान आहे. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले असता, ज्या घरात ही गोळी चालू आहे त्या घराने पाणी उकळून पिण्याची काळजी दुप्पट घ्यावी.

याशिवाय हाडे मोडण्याचा धोका थोडा वाढतो, अशी सूचना 2010 मध्ये दिली गेली. मूत्रपिंडाला अचानक सूज येण्याचे प्रकार क्वचित, पण निश्चित घडतात. लघवी कमी होणे, ताप, अंगावर पुरळ, विलक्षण थकवा असे गोळी चालू असताना झाले, तर लगेच डॉक्टरांना गाठावे. हृदयविकारावर जे क्लोपिडोग्रेल देतात, त्याचे काम ओमेप्राझोल काहीसे कमी करते, म्हणून ती दोन एकत्र घेऊ नयेत असे 2009 पासून सांगितले जाते. अशा रोग्याने डॉक्टरांना विचारून निराळी गोळी घ्यावी.

आता मी माझ्या विषयाकडे येतो. कोणी म्हणतो या गोळीने स्मृतिभ्रंश होतो, कोणी म्हणतो मूत्रपिंडे कायमची जातात. हे कितपत खरे? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी, हा प्रकार तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या न्यायशास्त्रात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. ही गोळी घेणारी माणसे बहुधा वयस्क, आधीच आजारी आणि इतर दहा औषधे घेणारी असतात. त्यांना पुढे काही झाले, तर ते गोळीने झाले की मूळ दुखण्याने, हे नुसत्या मोजणीवरून कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी द्यावी लागते. असा प्रयोग झाला आहे. 17,598 माणसांवर सरासरी तीन वर्षे चाललेल्या या पाहणीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. खरी गोळी घेणाऱ्यांत आतड्यांचे संसर्ग 1.4 टक्के, खोटी घेणाऱ्यांत 1 टक्का. हा फरक ठळक होता. हाडे मोडणे, मूत्रपिंडाचा जुनाट रोग, स्मृतिभ्रंश यांत तसा ठळक फरक दिसला नाही. यावरून घेण्याचा बोध दुहेरी आहे. ज्याला गोळीची खरी गरज आहे, त्याने अफवांना भिऊ नये. परंतु तीन वर्षांचा अनुभव वीस वर्षांना लावता येत नाही, आणि ज्याला गरजच नाही, त्याने लहानसा धोका तरी का पत्करावा?

तुम्ही म्हणाल, 'अहो, बंद करून पाहिली. दोन दिवसांत अशी जळजळ उठली की पुन्हा सुरू करावी लागली. म्हणजे मला ती लागतेच!' येथे फार मोठी फसगत आहे. पंप बंद राहिले की शरीर आम्ल वाढवण्याचे निरोप जोरजोराने धाडू लागते. गोळी एकदम थांबवली की दाबून धरलेली ती शक्ती उसळून येते आणि काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त होते. डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये हे दाखवून दिले. पोटाची कसलीही तक्रार नसलेली 120 निरोगी माणसे त्यांनी घेतली. निम्म्यांना आठ आठवडे खरी गोळी दिली, निम्म्यांना बारा आठवडे खोटीच. गोळी थांबल्यावर शेवटच्या चार आठवड्यांत, खरी गोळी घेतलेल्यांपैकी 44 टक्के जणांना जळजळ, आंबट पाणी यांचा त्रास झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण 15 टक्के होते. ज्यांना दुखणेच नव्हते, त्यांना गोळी सोडल्याने दुखणे लागले! म्हणून ही गोळी सोडायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. आधी मात्रा निम्मी, मग एक दिवसाआड, मध्ये त्रास झाला तर तेवढ्यापुरते पांढरे औषध. काही आठवडे धीर धरला की पुष्कळांचे पोट पूर्ववत होते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. आपल्याकडे ही गोळी एकटी येत नाही, जोडीदार घेऊन येते. पँटोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन, रॅबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड अशा जोडकॅप्सूल सर्रास खपतात. डॉम्पेरिडोनने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून युरोपातील औषध नियंत्रकांनी 2014 मध्ये ते थोड्या मात्रेत आणि एरवी आठवड्याहून अधिक न देण्याचा सल्ला दिला. लेव्होसल्पिराइडने वृद्धांत हात थरथरणे, चाल मंदावणे, स्त्रियांत पाळी बिघडणे असे प्रकार होतात. तेव्हा आपली गोळी साधी की जोडीची, हे पाकीट वाचून किंवा कोणाकडून वाचवून जरूर पाहा.

गोळी कोणी सोडू नये, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्या पोटात व्रणातून रक्तस्राव झाला होता, ज्यांना हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या रोज लागतात आणि वय वाढलेले आहे, ज्यांच्या अन्ननलिकेला जखमा आहेत, त्यांना ही गोळी ढालीसारखी असते. त्यांनी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवावी आणि वर्षातून एकदा ब-12 व इतर तपासण्यांविषयी विचारावे. मात्र गुडघ्याची गोळी मनानेच घ्यायची, तिने पोट जळले की पित्ताची घ्यायची, हा व्यवहार दोन्ही बाजूंनी तोट्याचा आहे.

बाकीच्यांनी काय करावे? उपाय साधे आहेत, आणि फुकटही आहेत. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. उशी दोन घेण्यापेक्षा खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा देऊन ती बाजू वीतभर उंच करावी. एकदम तडस लागेपर्यंत जेवू नये. वाढलेले पोट कमी केले तर फरक पडतो. तंबाखू, विडी, दारू ही झडप सैल करतात; ती सोडल्याखेरीज गोळीला यश येत नाही. ज्या पदार्थाने आपल्याला त्रास होतो तो आपणच ओळखून टाळावा. सगळ्यांनीच तिखट सोडावे असे नाही. उपाशीपोटी चारचार कप चहा आणि दुपारी तीन वाजता जेवण, हा पुष्कळ शिक्षकांचा आणि कार्यकर्त्यांचा क्रम असतो, त्याचाही विचार व्हावा. थंड दुधाने बरे वाटते ते घटकाभर; पुढे दूध स्वतःच आम्ल वाढवते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. शौचाला डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त येणे, घास अडकणे, वजन उतरणे, अंग पांढरे पडणे, यांपैकी काही दिसले तर तो गोळीचा विषय नव्हे. त्वरित तपासणी हवी. तसेच छातीत जळजळ किंवा दडपण असून घाम फुटला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, दम लागला, तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नये. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा पित्ताचे सोंग घेऊन येतो. 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयाचा आलेख काढता येईल असे जवळचे रुग्णालय गाठावे. या बाबतीत रात्र झाली, सकाळी पाहू, हे शब्द जीव घेतात.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. गावात पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून दाखवणारे तुम्हीच असता. मुलांना एक घरचा अभ्यास द्या. घरातल्या आजी-आजोबांपाशी बसून, ते रोज कोणकोणत्या गोळ्या घेतात, प्रत्येक गोळी कोणी दिली, कशासाठी दिली आणि किती दिवसांसाठी दिली, हे एका कागदावर लिहून आणायला सांगा. ज्या गोळीपुढे 'किती दिवसांसाठी' हा रकाना रिकामा राहील, ती गोळी आणि तो कागद घेऊन आजोबांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि एवढेच विचारावे, 'डॉक्टरसाहेब, ही मला अजून लागते का?' पुष्कळदा उत्तर 'हो' असेल, मग निश्चिंत मनाने घ्यावी. पण ज्यांना 'नाही' असे उत्तर मिळेल, त्यांचे पैसेही वाचतील आणि कोणाच्या पायांतली शक्तीही.